अमेरिकेत दावा दाखल करताना: राज्याचे कोर्ट की फेडरल कोर्ट?

भारतात कायदा केंद्राचा असो वा राज्याचा, दावा एकाच दिवाणी कोर्टात लागतो आणि अपिलाची वाट तालुक्यापासून दिल्लीपर्यंत सरळ जाते. अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायालये आहेत आणि त्यांच्या शेजारी फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयांची वेगळी उतरंड आहे: ९४ जिल्हा न्यायालये, १३ अपील न्यायालये आणि ९ न्यायमूर्तींचे सर्वोच्च न्यायालय. फेडरल जिल्हा न्यायालय राज्याच्या न्यायालयाचे वरिष्ठ नाही. हे एवढे पक्के समजले की पुढचा बराच गोंधळ टळतो.

नावांवर मात्र जाऊ नका. न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणजे दावा सुरू होतो ते न्यायालय, आणि सगळ्यात वरचे ‘कोर्ट ऑफ अपील्स’.

कोणता दावा कुठे?

घटस्फोट, मुलांचा ताबा, मृत्युपत्र, घरमालकाने अडवलेले डिपॉझिट, वाहतुकीचा दंड, बहुतेक फौजदारी खटले ही सगळी राज्याच्या न्यायालयांची कामे. छोट्या रकमेसाठी ‘स्मॉल क्लेम्स’ आहे. न्यू जर्सीत ५,००० डॉलरपर्यंत, कॅलिफोर्नियात व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा तिथे लावता येतो.

दिवाळखोरी, पेटंट आणि कॉपीराइटचे दावे फक्त फेडरल न्यायालयात चालतात. नागरिकत्वाची मुलाखत होऊन १२० दिवस उलटले तरी निर्णय नसेल, तर फेडरल जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. इमिग्रेशन कोर्ट मात्र या उतरंडीत नाही. ते न्याय खात्याच्या अखत्यारीत आहे.

वाद राज्याच्या कायद्याचा, तरी फेडरल कोर्ट

आपल्या लोकांनी नीट वाचावा असा भाग हाच. करारभंग किंवा अपघाताचा दावा ७५,००० डॉलरपेक्षा जास्त रकमेचा असेल आणि वादी व प्रतिवादी वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक असतील, तर तो फेडरल न्यायालयातही लावता येतो. एच-१बी व्हिसावरचा भारतीय नागरिक हा ‘परदेशी’ धरला जातो, म्हणून तो राहतो त्याच राज्यातल्या अमेरिकी नागरिकावरही असा दावा लावू शकतो. ग्रीन कार्डधारकाला हे जमत नाही. तो आणि प्रतिवादी एकाच राज्यात कायम राहत असतील तर ही वाट बंद. दोन्ही बाजूंना फक्त परदेशी नागरिक असतील तरीही बंद. पुण्यात कायमचा स्थायिक झालेला अमेरिकी नागरिक कोणत्याच राज्याचा धरला जात नाही, त्यामुळे त्यालाही हा आधार मिळत नाही.

फेडरल न्यायालयाला अधिकारक्षेत्र, म्हणजे तो दावा ऐकण्याचा अधिकार, नसेल तर दोन्ही पक्ष राजी असूनही उपयोग नाही. दावा कोणत्याही टप्प्यावर फेटाळला जाऊ शकतो, आणि तोवर राज्याच्या न्यायालयात दावा लावण्याची मुदत संपलेली असू शकते.

फेडरल दाव्याची कागदपत्रे

वादपत्र, ‘सिव्हिल कव्हर शीट’ (जेएस ४४ हा फॉर्म) आणि प्रत्येक प्रतिवादीसाठी समन्स. वादपत्रात अधिकारक्षेत्र कशावरून आहे हे आधी स्पष्ट लिहावे लागते: कायद्याचे कलम, किंवा दोन्ही पक्षांचे नागरिकत्व आणि रक्कम. फी ४०५ डॉलर; परवडत नसेल तर उत्पन्नाचा तपशील देऊन माफीचा अर्ज करता येतो. नोकरीतल्या वंशभेदाचा किंवा धर्मभेदाचा दावा फेडरल नागरी हक्क कायद्याखाली असेल तर आधी समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करावी लागते. आयोगाचे ‘राइट टू सू’ (दावा लावण्याची मुभा देणारे) पत्र हाती आल्यापासून ९० दिवसांत दावा दाखल करायचा. पत्राची प्रत सोबत जोडा.

समन्स वादीने स्वतः नेऊन द्यायचे नसते. १८ वर्षांवरील, दाव्यात पक्षकार नसलेल्या व्यक्तीने ते ९० दिवसांत बजावायचे. प्रतिवादीला उत्तरासाठी साधारणपणे २१ दिवस मिळतात, फेडरल सरकारला ६०.

दावा तुमच्यावर झाला तर

राज्याच्या न्यायालयातला दावा फेडरल न्यायालयात बसण्यासारखा असेल, तर समन्स व वादपत्र बजावल्यापासून ३० दिवसांत तो तिकडे हलवता येतो. आधार फक्त वेगळ्या नागरिकत्वाचा असेल आणि तुम्ही त्याच राज्याचे नागरिक असाल, तर ही सोय नाही. म्हणून समन्स हाती पडल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा आणि पाकीटही जपा.