व्यंगवाचक शब्दांचा अर्थापकर्ष

शरीराच्या किंवा बुद्धीच्या उणिवेसाठी असलेला शब्द ती उणीव नसलेल्या माणसाला हिणवायला वापरला जाऊ लागतो. पुढे तो इतका नासतो, की ज्याच्यासाठी तो होता त्याच्यासमोर उच्चारायचीही पंचाईत होते. शब्दाचा अर्थ असा खालावत जाण्याला भाषाशास्त्रात अर्थापकर्ष म्हणतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या बोलीत ही वाटचाल आजही सगळ्या टप्प्यांवर ऐकायला मिळते.

आठवडी बाजारात कुणाचा पाय भाजीच्या पाटीला लागला, की “आंधळा हाईस का रं?” असा सवाल येतो. विचारणाऱ्याला समोरचा डोळस आहे हे पक्के ठाऊक असते, आणि शिवी घडते ती तिथेच. डोळस माणूस दोन पावलांवर ते विसरतो. पलीकडे काठी टेकत उभ्या असलेल्या अंध माणसाला मात्र आपले असणे हीच दुसऱ्याची निर्भर्त्सना आहे, हे पुन्हा एकदा ऐकावे लागते. ‘बहिरा’, ‘मुका’, ‘लंगडा’, ‘थोटा’, ‘तोतरा’, ‘चकणा’ हे सगळे याच वाटेने गेले. सभांतून आणि बातम्यांतूनही तेच चालते. कारखान्याच्या निवडणुकीत ‘आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय’ म्हटल्याशिवाय भाषण रंगत नाही, आणि तक्रारींची दखल न घेणारे प्रशासन हमखास ‘आंधळे-बहिरे’ ठरते. उलट लंगडी आणि आंधळी कोशिंबीर या खेळांच्या नावांत हिणवणे नाही, कारण तिथे डाव प्रत्येकावर येतो.

शिष्टसंमत मानले जाणारे पर्याय बहुतेकदा त्याच शब्दांचे पूर्वज असतात. संस्कृत ‘बधिर’ प्राकृतात ‘बहिर’ झाला आणि मराठीत ‘बहिरा’. हा ‘बहिरा’ टोचू लागल्यावर आपण मागे जाऊन ‘कर्णबधिर’ आणला. अंध–आंधळा, मूक–मुका, पंगू–पांगळा या जोड्याही अशाच. ज्यांनी साताऱ्यात शालेय शिक्षण घेतले त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० मध्ये आपल्या पाक्षिकाला ‘मूकनायक’ हे नाव दिले. त्यातला ‘मूक’ वाचा हिरावून घेतलेल्यांचा आहे आणि त्याला प्रतिष्ठा आहे. ‘मुका’ला ती मिळाली नाही. तरी संस्कृत रूपही कायमचे सुरक्षित राहत नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर ‘बधिर’ म्हणजे आता सरळ मठ्ठ.

या भागातले अर्थापकर्षाचे खरे यंत्र शब्दकोशात नसून व्याकरणात आहे. ‘लंगडा’ हे विशेषण आहे. त्याचे ‘लंगड्या’ झाले, की ते हाक मारायचे नाव होते, आणि गल्लीत एकदा चिकटलेले असे नाव लग्नपत्रिकेपर्यंत पिच्छा सोडत नाही. ‘काण्या’, ‘चकण्या’, ‘बोबड्या’ हीही अशीच. आईबापांनी हौसेने बारसे करून ठेवलेले नाव त्याच्या वर्गसोबत्यांनाही आठवत नाही, ही या प्रकरणातली सर्वांत दुखरी बाजू आहे. दुसरी खोड नपुंसकलिंगाची. ‘ते लंगडं’, ‘ते खुळं’ म्हणताना माणूस वस्तूंच्या रांगेत जाऊन बसतो. (लेकराला मायेनेही आपण ‘गुणाचं गं ते’ म्हणतो; पण चाळिशीच्या बाप्याला ‘ते’ म्हणण्यात माया नसते.) तिसरी गोष्ट प्रत्ययांची. ‘वेडा’पासून ‘वेडपट’ आणि ‘वेडगळ’, ‘खुळा’पासून ‘खुळचट’. एवढी शेपटे लागली, की मूळ आजाराशी शब्दाचा संबंधच उरत नाही.

‘येडा’ आणि ‘खुळा’ हे या मुलखाचे सर्वांत वापरातले शब्द. ‘खुळ्यागत करू नगंस’ हे रागानेही म्हणतात आणि लाडानेही. गंमत म्हणजे त्यांची नामे अगदी मानाने नांदतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते सांगलीत, आणि तेव्हापासून या शहराला नाटकाचे वेड आहे असे सांगताना सांगलीकराची मान ताठ होते. कुस्तीचे खूळ असलेला पोरगा तालमीत कौतुकाचाच असतो. मग ‘वेड’ भूषण आणि ‘वेडा’ शिवी, असे का? वेड माणसाजवळ असते, तो त्याहून मोठा राहतो. ‘वेडा’ म्हटले, की माणूस त्या एका शब्दात संपतो.

या शब्दांचा जाच मनोरुग्णांना सर्वाधिक होतो. राज्यात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांपैकी पुण्याचे येरवड्यात असल्याने ‘येरवड्याला धाडला पायजे’ ही इथली ठरलेली चेष्टा. ‘वेड्यांचे इस्पितळ’ हे नाव जाऊन मनोरुग्णालय झाले, तरी मानसोपचारतज्ज्ञ अजून ‘येड्यांचा डॉक्टर’च आहे. झोप उडालेली, काळीज सारखे धडधडणारी बाई त्याची पायरी चढायला महिनोन्‌महिने कचरते, यात या दोन शब्दांचा वाटा मोठा आहे.

कुष्ठरोगाचे उदाहरण निराळे आहे. पूर्वी त्याला ‘रक्तपिती’ आणि ‘महारोग’ म्हणत. ‘महारोगी’ ही शापवाणी झाली, ‘हातपाय झडतील’ हा तिचाच विस्तार. मिरजेत मिशनचे कुष्ठरोग रुग्णालय आहे, त्यामुळे या भागाला हा आजार आणि तो बरा होतो ही गोष्ट, दोन्ही जवळून माहीत. औषधाने रोग हटला. शब्द मात्र शापात तसाच राहिला. आज ‘कुष्ठरुग्ण’ लिहितात, आणि कायद्याच्या अपंगत्वाच्या यादीत ‘कुष्ठरोगमुक्त’ अशी वेगळी नोंद आहे.

सरकारी शब्द रहाटगाडग्यासारखे फिरत आले. ‘पांगळा’ खाली गेला, ‘अपंग’ वर आला. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्याच्या काळात हाच रूढ होता. दाखला ‘अपंगाचा’ आणि एसटीतले आसन ‘अपंगांसाठी राखीव’. मग हिंदीच्या वाटेने ‘विकलांग’ आला. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये ‘दिव्यांग’ सुचवला आणि तो फलकांवर झपाट्याने चढला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसपर्यंत वाढले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला. या शब्दावर अनेक अपंग कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे. अवयवाला दिव्य म्हटल्याने रॅम्प होत नाही, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. शाळकरी पोरे एकमेकांना ‘दिव्यांग हाईस काय’ म्हणू लागली आहेत. म्हणजे हेही गाडगे रिते व्हायला लागले.

बुद्धीच्या बाबतीत हा फेरा आणखी वेगाने फिरतो. ‘मतिमंद’ हा शब्द शास्त्रीय, सभ्य म्हणून घडवला गेला. त्यातला ‘मंद’ तेवढा तोडून पोरांनी शिवी केली, म्हणून ‘गतिमंद’ आणि पुढे ‘विशेष मूल’ आले. इंग्रजीतही ‘इडियट’, ‘इम्बेसाइल’ आणि १९१० मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांनी घडवलेला ‘मोरॉन’ हे वैद्यकातले वर्गवारीचे शब्द होते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्यांसाठी काम करणाऱ्या ब्रिटनमधल्या स्पास्टिक्स सोसायटीने १९९४ मध्ये नाव बदलून ‘स्कोप’ केले, ते ‘स्पास्टिक’ची शिवी झाल्यामुळे.

अपंग व्यक्तीला लोकांसमोर, नामुष्की करण्याच्या हेतूने मुद्दाम अपमानित केल्यास २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९२ प्रमाणे सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतील अपंगांच्या चित्रणासंबंधी निकाल देताना, अवमूल्यन झालेले शब्द टाळण्यास सांगितले.

बोलीत एक जुनी, न नासलेली वाटही आहे आणि तिची दखल फारशी घेतली जात नाही. माणदेशातल्या वा कृष्णाकाठच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘पायानं अधू’, ‘कानानं जरा कमी’, ‘त्याला दिसत न्हाई’ अशी रचना सहज येते. तिच्यात माणूस आधी येतो आणि उणीव अवयवापुरती राहते. ‘दिसत न्हाई का रं?’ हे खेकसण्यासाठीही वापरतात, पण क्रियापदाचे टोपणनाव होत नाही. एसटीत चढताना सोबतची बाई कंडक्टरला म्हणते, “ह्यास्नी दिसत न्हाई, पुढची शीट द्या,” आणि तो पुढची जागा रिकामी करून देतो.