सबवूफर पेटी, मोटारीच्या डिकीतील

मोटारीच्या डिकीत बसवण्यासाठी, ठरावीक सबवूफरच्या आणि ठरावीक गाडीच्या मापाने बनवलेली बंदिस्त लाकडी किंवा फायबरची पेटी. बाजारात तिला नुसते ‘बॉक्स’ म्हणतात. साधारण 20 ते 80 हर्ट्‌झ या पट्ट्यातला खर्ज, म्हणजे ढोलाचा ठोका, पखवाजाच्या डाव्या अंगाची घुमक, बेस गिटारचे खालचे सूर, सबवूफर वाजवतो. दरवाजांतल्या सहा इंची स्पीकरांच्या आवाक्यात तो येत नाही. नाशिकमध्ये कार ॲक्सेसरीजच्या दुकानांत तयार पेट्या आणि बेसट्यूब (नळीच्या आकाराच्या तयार सबवूफर पेट्या) मिळतात, काही जण सुताराकडून पेटी करून घेतात, तर हौशी मंडळी घरीच प्लाय कापतात. चांगल्या कंपनीचा महाग स्पीकर घ्यायचा आणि तो हाताला लागेल त्या खोक्यात बसवायचा, ही चूक मात्र सर्रास होते. स्पीकर आणि पेटी मिळूनच सबवूफर होतो, त्यामुळे पेटीचे माप स्पीकरच्या आकड्यांवरून काढावे लागते.

पेटीचे काम : स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढच्या हवेचा दाब वाढतो आणि त्याच क्षणी मागचा दाब कमी होतो. 40 हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. एवढी लांब लहर स्पीकरच्या कडेवरून सहज वळसा घालते, पुढच्या-मागच्या लहरी एकमेकींना मारतात आणि खर्ज नाहीसा होतो. पेटी मागची लहर कोंडून ठेवते. तिचे दुसरे कामही तेवढेच मोलाचे. आतली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला मागे रेटते. पेटी लहान असेल तर ही स्प्रिंग कडक, मोठी असेल तर मऊ. खर्ज किती खोल जाईल आणि ठोका किती चटकन थांबेल, हे त्यावर ठरते.

इतिहास : आजच्या धर्तीचा हलत्या कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा, स्पीकर राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी 1925 मध्ये मांडला. पेटीला भोक ठेवून मागची लहर कामाला लावण्याचे, म्हणजे पोर्टेड पेटीचे, पेटंट बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांना 1932 मध्ये मिळाले. पूर्ण बंद पेटीतील हवेचीच स्प्रिंग वापरण्याची कल्पना एडगर विल्चर यांनी 1954 मध्ये प्रत्यक्षात आणली. तोवर पेटीचे माप बरेचसे अंदाजाने ठरे. ऑस्ट्रेलियन अभियंता नेव्हिल थील यांचा 1961 मधील निबंध आणि सिडनी विद्यापीठात संशोधन केलेल्या रिचर्ड स्मॉल यांचे 1972-73 मधील लेख यांनी हा अंदाज संपवला. स्पीकरच्या माहितीपत्रकावर छापलेले एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे आकडे या दोघांच्या नावाने ‘थील-स्मॉल परिमाणे’ म्हणून ओळखले जातात.

हिशेब : एफएस म्हणजे मोकळ्या हवेत स्पीकर ज्या कंपनसंख्येला स्वतःहून घुमतो ती. क्यूटीएस हा ते घुमणे किती आवरलेले आहे याचा आकडा. व्हीएएस म्हणजे स्पीकरच्या निलंबनाइतकीच (पडदा तोलून धरणाऱ्या भागाइतकीच) लवचिक असलेल्या हवेचे आकारमान, लिटरमध्ये. बंद पेटीसाठी व्हीएएसला पेटीच्या आकारमानाने भागायचे, त्यात 1 मिळवायचा आणि वर्गमूळ काढायचे. या वर्गमुळाने क्यूटीएसला गुणले की पेटीसह स्पीकरचा क्यू मिळतो, एफएसला गुणले की पेटीसहची घुमण्याची कंपनसंख्या.

समजा 12 इंची स्पीकरचा एफएस 28 हर्ट्‌झ, क्यूटीएस 0.5 आणि व्हीएएस 60 लिटर आहे. 60 लिटरच्या पेटीत क्यू 0.71 आणि कंपनसंख्या 40 हर्ट्‌झच्या जवळ येते. प्रतिसाद सपाट राहतो, म्हणजे कुठलाही सूर फुगत नाही. 30 लिटरला हेच आकडे 0.87 आणि 48 होतात, तर 20 लिटरला 1.0 आणि 56. छोट्या पेटीत 80 हर्ट्‌झच्या आसपास फुगवटा येतो आणि खाली खर्ज लवकर गळतो. हा फरक ऐकायचा असेल तर नाशिक ढोलाचे चांगले ध्वनिमुद्रण लावावे. क्यू 0.7 च्या जवळ असेल तर टिपरूचा प्रत्येक ठोका सुटा येतो आणि ताशाच्या मागे लपत नाही. क्यू 1 च्या वर गेला की ठोके एकमेकांत मिसळून सलग गडगडाट होतो. दुकानात याच गडगडाटाला ‘जोरदार बेस’ म्हणून विकतात, आणि नवखा गिऱ्हाईक त्याला भुलतो.

पोर्टेड पेटीत नळी किंवा फटीतून मागची लहर बाहेर काढतात. त्याच वॉटमध्ये ती जास्त आवाज देते, पण नळीची लांबी काटेकोर लागते. 50 लिटरची पेटी 35 हर्ट्‌झला जुळवायची, म्हणजे नळीतली हवा त्या कंपनसंख्येला घुमवायची, असेल तर 10 सेंमी. आतल्या व्यासाची नळी सुमारे 31 सेंमी. लांब हवी. जुळणीच्या खाली पडद्याला हवेचा आधार उरत नाही. तिथे अँपचा (आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरचा) सबसॉनिक फिल्टर, म्हणजे अतिखालचे सूर अडवणारी सोय, लावला नाही तर कॉइल आपटून स्पीकर जातो. बंद पेटी आपल्या घुमण्याच्या कंपनसंख्येखाली दर सप्तकाला 12 डेसिबलने उतरते, पोर्टेड जुळणीखाली 24 ने. बंद गाडीच्या लहानशा केबिनमध्ये खालचा खर्ज आपोआप उचलला जातो, सुमारे 2.7 मीटर लांब केबिनमध्ये 60-65 हर्ट्‌झच्या खाली. बंद पेटीचा उतार आणि केबिनचा हा चढ एकमेकांना बरेच सावरून घेतात. म्हणून रोजच्या वापरातल्या हॅचबॅकला बंद पेटीच जास्त शोभते, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

डिकीचे माप : छोट्या हॅचबॅकची डिकी अडीचशे-तीनशे लिटरची असते, तरी पेटीला मिळणारी जागा त्यातली थोडीच. मागच्या सीटची पाठ कललेली असते, म्हणून पेटीही खाली रुंद आणि वर अरुंद करतात. खालची खोली 32 सेंमी. आणि वरची 22 असेल तर हिशेबाला सरासरी 27 धरायची. पुठ्ठ्याचा नमुना कापून डिकीत ठेवावा आणि दरवाजा लावून पाहावा. टेपने घेतलेले माप चाकाच्या कमानीपाशी हमखास फसवते. फरशीखालची स्टेपनी पेटी न खोलता निघाली पाहिजे. घाटात रात्री चाक बसले तर आठवण होतेच.

नाशिकमध्ये सीएनजीच्या गाड्या पुष्कळ आहेत आणि त्यांची निम्मी डिकी टाकीने खाल्लेली असते. टाकीच्या चौकटीत स्क्रू मारणे, तिच्या अंगावर अँप बसवणे किंवा व्हॉल्व्ह झाकणे, यातले काहीही करू नये. टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, तेव्हा ती बाहेर काढायची असते. अशा गाडीत पेटी सुटी होणारी हवी. जागा फारच कमी असेल तर डिकीच्या कोपऱ्यात, चाकाच्या कमानीमागे फायबर ग्लासची पेटी घडवतात. कामाचा खर्च वाढतो, पण वाया जाणारी जागा उपयोगात येते. सेडानमध्ये अडचण वेगळी. डिकी आणि केबिन यांच्यात सीटची भिंत असते. आर्मरेस्टमागचे झडप किंवा मागच्या ट्रेतील फट मोकळी नसेल तर निम्मा खर्ज डिकीतच राहतो.

लाकूड : 18 मिमी. जाडीचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) किंवा तेवढाच प्लाय वापरतात. एमडीएफ सगळीकडे सारखा दाट असतो, त्यामुळे कमी थरथरतो. पण 8×4 फुटी पूर्ण शीट सुमारे 40 किलोचे भरते आणि पाणी लागले की त्याच्या कडा फुगतात. जून ते सप्टेंबर ओल्या छत्र्या आणि चपला ज्या डिकीत पडतात, तिथे आयएस 710 शिक्क्याचा मरीन प्लाय घेणे शहाणपणाचे. गर्जन लाकडाचा प्लाय जड आणि घट्ट असतो. हलक्या प्लायच्या थरांत पोकळ्या राहतात आणि खर्जाला त्या बडबडतात. एमडीएफच वापरायचा असेल तर कडांना सीलर आणि रंगाचे दोन हात द्यावेत.

बांधणी : वरच्या उदाहरणातील 30 लिटरची पेटी घेऊ. स्पीकरचे धूड आणि आतल्या आधारपट्ट्या मिळून 4 लिटर जागा खातात, म्हणून आतून 34 लिटर हवेत. बाहेरून 50×35×27 सेंमी.च्या खोक्यात नेमके तेवढे मिळतात. बाहेरचे आकारमान 47 लिटर भरते, उरलेले 13 लिटर लाकडाचे. बाहेरच्या मापावरून हिशेब करणाऱ्याची पेटी इथेच चुकते. पुढचा-मागचा भाग 50×35, वरचा-खालचा 50×23.4 आणि बाजू 31.4×23.4 असे सहा तुकडे कापायचे. हाताच्या करवतीने काटकोन चुकतो. दुकानातच पॅनल सॉवर कापून घ्यावे. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे शहरात सीएनसी राउटरवाले (संगणकावर चालणारे कापयंत्र असलेले) शोधणे अवघड नाही, आणि 12 इंची स्पीकरचे 28 सेंमी.च्या आसपासचे गोल भोक त्यांच्याकडून स्वच्छ निघते. जिगसॉने कापल्यास पात्याला घाई करू नये. नक्की व्यास माहितीपत्रकातूनच घ्यावा.

सांध्याला फेविकोल आणि दर 10-12 सेंमी.वर स्क्रू, दोन्ही हवेत. उन्हात उभ्या गाडीत पांढरा गोंद मऊ पडतो. नुसत्या गोंदाच्या भरवशावर राहिले तर एप्रिल-मेमध्ये सांधा सरकतो. एमडीएफच्या कडेत स्क्रू मारण्याआधी बारीक ड्रिल फिरवले नाही तर थर फाटतात. पुढच्या फळीला आतून आडवी पट्टी द्यावी, म्हणजे स्पीकरच्या वजनाने ती डुलत नाही. सर्व आतले कोपरे सिलिकॉनने भरावेत. मात्र व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन पूर्ण वाळल्याशिवाय स्पीकर बसवू नये, त्याची वाफ पडद्याच्या कडेच्या रबराला आणि गोंदाला बाधू शकते. उशीत भरतात तो पॉलिस्टर कापूस आत सैल भरला तर पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते.

गळती तपासायला स्पीकर बसवण्याआधी अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च ठेवून सांधे पाहतात. नंतर 30 हर्ट्‌झचा सूर हळू आवाजात लावून सांध्याजवळ पेटती उदबत्ती धरावी. धूर थरथरला तर तिथून हवा येते. वायरच्या टर्मिनलचा कप सर्वांत जास्त गळतो. तिथे गॅसकेट हवेच.

जोडणी : 500 वॉटचा क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या जातीचा) अँप पूर्ण जोरात 40 अँपिअरपेक्षा जास्त वीज ओढू शकतो. बॅटरीपासून डिकीपर्यंतची वायर जाड आणि शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण त्याच जाडीत कमी वीज वाहते आणि तापते. फ्यूज बॅटरीपासून 45 सेंमी.च्या आत बसवावा, कारण पुढे कुठेही वायर सोलवटून बॉडीला टेकली तर आग थांबवणारे तेवढेच साधन असते. यात काटकसर करणारा कारागीर टाळावा. पेटी स्पीकरसह पंधरा-सोळा किलोंच्या घरात जाते. नुसती ठेवली तर कसारा घाटाच्या वळणात ती डिकीभर फिरते आणि अपघातात सीटवर आदळते. फरशीच्या पत्र्याला ब्रॅकेटने किंवा पट्ट्याने ती बांधावी. पत्र्यात भोक पाडण्याआधी खालून इंधनाची टाकी आणि नळ्या कुठून जातात ते वाकून पाहावे.

क्रॉसओव्हर (सबवूफर आणि दरवाजांतले स्पीकर यांच्यात सूर वाटून देणारी मर्यादा) 70-80 हर्ट्‌झला ठेवून, फेजचे (पडद्याची पुढे-मागे दिशा उलटवणारे) बटण दोन्हीकडे करून पाहतात. चालकाच्या सीटवर ज्या बाजूला ढोल भरीव लागतो ती ठेवायची. डिकीच्या दरवाजाचा पत्रा आणि नंबर प्लेट या खर्जाने खडखडतात. पत्र्याला आतून ब्यूटाइलचे शीट आणि प्लेटमागे फोमच्या चकत्या लावल्या की तो थांबतो. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे, तर रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकते. खर्ज काचेतून आणि भिंतीतून सहज पार होतो, त्यामुळे काचा लावल्या तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आवाज कमीच ठेवावा लागतो. पावसाळा संपल्यावर पेटी बाहेर काढून तिच्या खालच्या कडा पाहाव्यात आणि स्पीकरचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी पुन्हा आवळावेत.