पन्हळीवरची जाळी आणि पाण्याचा चिवटपणा

पन्हळीला जाळी बसवली की ती पुन्हा कधी साफ करावी लागत नाही, असे विकणारे सांगतात. ते खरे नाही. जाळीने कचरा नाहीसा होत नाही. पन्हळीच्या पोटात कुजणारा पाचोळा ती वर, उन्हावाऱ्यात अडवून ठेवते, इतकेच. पण कोकणातल्या कौलारू घराला एवढेही पुष्कळ झाले, कारण जून ते सप्टेंबर शेवाळलेल्या कौलांकडे शिडी लावणे म्हणजे हाडे मोडून घेण्याची तयारी.

मुळात पन्हळ हवीच का, हाही प्रश्न आहे. जुन्या घरांना लांब वळचण असायची, पागोळ्या अंगणात पडायच्या आणि जोत्याचा चिरा कोरडा राहायचा. पाणी वळवायचेच असेल तर पोफळीचे खोड चिरून, कोरून तेवढ्यापुरती पन्हळ लावत. आता वळचणी आखूड झाल्या, शेजारची भिंत जवळ आली आणि एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला जाते म्हणून छपराचे पाणी साठवायची गरज पडू लागली. तेव्हा घराला पूर्ण लांबीची पन्हळ आली, आणि पन्हळीबरोबर पाचोळा आला.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छपराच्या एका पाख्याखाली ५० चौरस मीटर जागा आहे असे धरू. तासाला १०० मिलिमीटर या जोराची सर आली, आणि कोकणात ती दहा-पंधरा मिनिटे टिकते, तर या एका पाख्यावरून सेकंदाला जवळपास दीड लिटर पाणी उतरते. दोनशे लिटरचे पिंप अडीच मिनिटांत भरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढ्यात हेच पाखे ४७ हजार लिटर पाणी खाली सोडील.

अशा वेळी फणसाचे एक पान पाइपाच्या तोंडावर आडवे बसले की पुरते. १५ सेंटिमीटर रुंदीची, अर्धगोल, १० मीटर लांब पन्हळ तुडुंब भरली तर तिच्यात ८८ लिटर, म्हणजे ८८ किलो पाणी असते. ओल्या पाचोळ्याचे आणि मातीचे वजन वेगळे. ब्रॅकेट लांब लांब ठोकले असतील तर पन्हळ मध्ये झोल खाते. मग पाऊस थांबल्यावरही त्या झोलात पाणी साचून राहते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात आणि त्याला एवढे पाणी भरपूर होते. आठवड्याला कोरडा दिवस पाळून पिंपे, कुंड्या, फ्रीजमागचे भांडे सगळे रिकामे करणारे घरही डोक्यावरच्या पन्हळीकडे बघत नाही.

आता जाळी. अगदी बारीक भोकांची तारेची जाळी घेतली तरी तिचा बराच भाग मोकळा असतो. वरच्या दीड लिटरसाठी ती कितीतरी पटींनी पुरेशी आहे. तरीही नवी कोरी जाळी बसवल्यावर पहिल्याच जोरदार सरीत पाणी जाळीवरून घसरून थेट अंगणात पडते. याला कारण पाण्याचा पृष्ठताण. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, त्यामुळे ओल्या जाळीच्या प्रत्येक भोकात पाण्याचा पातळ पडदा तयार होतो. चहाची गाळणी पाण्यात बुडवून वर काढा, भोके बंद झालेली दिसतील. भोक जितके बारीक तितका पडदा दमदार. जाळीची खालची बाजू कोरडी असेल तर अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातला पडदा कागदावरच्या गणिताने जवळजवळ सहा सेंटिमीटर उंचीचे पाणी तोलू शकतो. दोन मिलिमीटरच्या भोकात हाच आकडा दीड सेंटिमीटरवर येतो. प्रत्यक्षात जाळी हलते, थेंब आपटतात, खालची बाजू भिजते आणि पडदा लवकर फुटतो. पण तोवर उतारावरून वेगाने आलेले पाणी पुढे निघून गेलेले असते.

म्हणून चांगल्या बारीक जाळीखाली पन्हाळ्या पाडलेला पत्रा किंवा पट्ट्यांची चौकट असते आणि जाळी तिला टेकलेली असते. पडद्यातल्या पाण्याला खालून काहीतरी लागले की ते त्याला धरून ओघळते. नुसती ताणलेली जाळी आणि अशी टेकलेली जाळी दुकानात शेजारी शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात, म्हणून उलटी करून बघावी. नव्या जाळीवर कारखान्यातल्या तेलाचा हात असतो, तोही पाण्याला आत शिरू देत नाही. बसवण्याआधी साबणाच्या पाण्याने धुतली तर पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात.

दुसरा प्रकार झाकणाचा. पन्हळीवर पत्र्याचे गोलसर झाकण येते, त्याची पुढची कड आत वळलेली असते आणि तिथे एक फट ठेवलेली असते. पाणी वळणाला चिकटून आत जाते, पान सरळ पुढे पडते. कौलाच्या कडेवरून खाली पडण्याऐवजी थोडे पाणी उलटून कौलाच्या पोटाकडे जाते आणि रीप कुजवते, तोच हा स्वभाव. कल्पना हुशारीची आहे, पण ती पातळ आणि सावकाश वाहणाऱ्या पाण्यासाठी. जोर वाढला की पाणी वळण सोडते. मंगलोरी कौलांवर तर पाणी सपाट चादरीसारखे येतच नाही, कौलांच्या खाचांतून धारांनी येते, आणि ऐन सरीत प्रत्येक धार झाकणावरून उडी मारते. अमेरिकेतल्या सपाट शिंगल्सच्या, म्हणजे एकावर एक बसवलेल्या पातळ चपट्या तुकड्यांच्या छपरावर जे चालते ते इथे चालेलच असे नाही. माझ्या मते कौलारू घराने या प्रकाराच्या नादी लागू नये. स्पंजाच्या पट्ट्या पन्हळीत कोंबायचाही एक प्रकार आहे. त्यात गाळ बसतो, गाळात पक्ष्यांच्या विष्ठेतले पिंपळाचे बी रुजते. विषय संपला.

जाळीचे भोक किती हवे हे घरावर कोणते झाड वाकले आहे त्यावर ठरते. फणस, आंबा, काजू यांची पाने सहा मिलिमीटरच्या साध्या जाळीवरही अडतात. चिंच आणि गुलमोहर यांच्या पर्णिका मात्र त्यातून सरळ आत जातात आणि खाली थर साचतो. सुरूच्या काड्या सगळ्यात वाईट. त्या भोकात उभ्या अडकतात, दुसऱ्या काड्या त्यांत गुंततात आणि जाळीवर चटई विणली जाते. आंब्याची गोष्ट आणखी वेगळी. मोहरावर तुडतुडे पडले की त्यांच्या अंगातून गोड चिकटा झरतो, खालच्या पानांवर आणि जाळीवरही त्याचा लेप बसतो, त्यावर काळी बुरशी येते आणि मोहराचा चुरा त्यात रुतून बसतो. हा लेप वाऱ्याने उडत नाही. मेमध्ये नरम ब्रश आणि साबणाचे पाणी घेऊनच तो काढावा लागतो, नाहीतर जूनची पहिली सर सगळी अंगणात.

बसवताना जाळीला उतार हवा, शक्यतो छपराच्याच कलाचा. आडव्या जाळीवर पान भिजून चिकटते, उतरत्या जाळीवर ते वाळते आणि वाऱ्याने जाते. जाळीची मागची कड शेवटच्या कौलाखाली कोंबण्याचा मोह होतो. तिने कौल दोन-तीन मिलिमीटर जरी उचलले तरी वाऱ्याला धरायला कड मिळते आणि त्या फटीतून पाणी वाशापर्यंत चढते. ब्रॅकेटलाच पट्टी जोडून तिच्यावर जाळी ठेवावी. दोन पाखी आतल्या कोनात मिळतात तिथे दोन्हीकडचे पाणी एकवटून येते. त्या कोपऱ्यात पन्हळीच्या बाहेरच्या कडेला वीतभर उंच पत्रा उभा करावा लागतो, कारण तो लोट कुठलीच जाळी एकटी पेलत नाही.

पीव्हीसीची पन्हळ उन्हात वाढते. चार मीटरचा तुकडा ३० अंशांच्या फरकाने सुमारे सात मिलिमीटर लांबतो. जाळी स्क्रूने आवळून टाकली तर पन्हळ वाकते किंवा जोड सुटतात, म्हणून सरकती क्लिप बरी. जस्ताच्या पत्र्याच्या पन्हळीवर स्टेनलेस स्टीलची जाळी टेकवली आणि समुद्राची खारी हवा असली तर दोन धातूंमध्ये छोटी विद्युतघटमाला सुरू होते आणि जस्त झिजत जाते. मध्ये रबराची पट्टी ठेवावी. किनाऱ्याजवळ स्टेनलेस घ्यायचे तर ३१६ प्रतीचे घ्यावे, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खारेपणाला जास्त टिकते.

कॅलिफोर्नियात या जाळीचे कारण अगदी उलटे आहे. तिथे वणव्यातून उडालेले निखारे पन्हळीतल्या सुक्या पानांवर पडतात आणि घर छपराकडून पेट घेते. म्हणून वणव्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांना पन्हळीत पाने साचू न देण्याची सोय करणे इमारत नियमांनीच बंधनकारक केले आहे. अशा ठिकाणी जाळी धातूचीच लावावी, प्लॅस्टिकची वितळून स्वतःच जळते.

देखभालीला वर्षात दोन वेळा साधाव्या. मेअखेरचा ब्रश वर आलाच. पावसाळ्यात वर चढू नये. सर चालू असताना छत्री घेऊन अंगणातून बघावे, पाणी कुठून उडते ती जागा खडूने जोत्यावर खुणावून ठेवावी. दिवाळीआधी, कौले खडखडीत वाळल्यावर, दुसरी वेळ. तेव्हा शिडी कौलांवर न टेकवता भिंतीला टेकवावी, खाली एक माणूस धरायला ठेवावा, घरात येणाऱ्या विजेच्या तारेपासून लांब राहावे आणि पाइपाच्या तोंडाशी असलेला जाळीचा तुकडा उघडून बघावा. जाळीतून गेलेली बारीक माती तिथेच बसते, आणि जाळीखालच्या कोरड्या आडोशाला गांधीलमाश्याही घर करतात, म्हणून तुकडा लांब काठीने दोनदा ठोकून मगच उचलावा.