पाणी लागलं की मॉफ संपला?

सोलापुरात रसायनशास्त्राच्या वर्गात हे हमखास ऐकू येतं. मॉफ म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र, स्फटिकी जाळी. ही बदनामी मुळात १९९९ च्या मॉफ-५ ची. त्यातले जस्ताचे बंध दमट हवेतही तुटतात, हे खरंच. पण २००८ मध्ये ओस्लोत तयार झालेला यूआयओ-६६ पाण्यात टिकतो: झिर्कोनियमच्या सहा अणूंची एकेक गाठ, आणि तिला बांधलेले बारा धागे. आपल्या चादरीची वीण आठवा!

उलट प्रोटॉन वाहायला बऱ्याच मॉफना पाणी लागतंच. छिद्रांतल्या पाण्याच्या साखळीवरून प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारतो. हवा कोरडी पडली की वहन घटतं. याच चढउतारावर आर्द्रतेचे सेन्सर बेततात. सोलापूरच्या मे महिन्यात त्यांना काम कमीच.