पार्श्वभूमी : पेशीमृत्यूचा खटका नेमकं कोण दाबतं?

अपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचं ठरवून होणारं मरण, हे नाव १९७२ सालचं. ठरल्या वेळी आकसून मरणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली त्याआधीही दिसत होत्या, पण हे मरण घडवणारी आणि रोखणारी प्रथिनं ओळखीची व्हायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली.

सुरुवात झाली ती एका कर्करोगातून. फॉलिक्युलर लिम्फोमात १४व्या आणि १८व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि त्या सांध्यापाशी बीसीएल-२ हे जनुक सापडलं. कर्करोगाचं जनुक म्हणजे पेशींचं विभाजन वाढवणारं, अशीच तेव्हाची समजूत. १९८८ साली भलतंच निघालं. वाढीचा घटक काढून घेतल्यावर हे जनुक घातलेल्या पेशी वाढायच्या थांबल्या, पण मेल्या मात्र नाहीत. या विषयातला याहून मोलाचा प्रयोग मला दुसरा दिसत नाही. १९९२ मध्ये माणसाचं हेच जनुक जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीत घातलं, तेव्हा तिथेही मरायला हव्या होत्या त्यातल्या काही पेशी वाचल्या.

१९९६-९७ मध्ये बाकीची साखळी जुळली. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, ऊर्जेच्या कामी राबणारं सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर सांडलं की ते ॲपाफ-१ या दुसऱ्या प्रथिनाला चिकटतं, त्यातून कॅस्पेज-९ हे प्रथिनं कापणारं विकर जागं होतं, ते कॅस्पेज-३ला कामाला लावतं आणि पेशी आतून कापली जाते.

वाद आहे तो त्याच्या आधीच्या पायरीबद्दल. मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणाला भोकं पाडतात बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं. पण त्यांना उठवतं कोण? एका गटाचं म्हणणं, बिम आणि बिड ही मरणाचा निरोप आणणारी प्रथिनं थेट बॅक्सला भिडतात. दुसऱ्याचं म्हणणं, बॅक्सला उठवावं लागतच नाही. बीसीएल-२ जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनासारख्या पहारेकऱ्यांनी त्याला धरून ठेवलेलं असतं आणि बिमच्या जातीची प्रथिनं त्या पहारेकऱ्यांनाच गुंतवून टाकतात. २००८ मध्ये बिमचा तुकडा बॅक्सला नेमका कुठे चिकटतो ते दिसलं आणि पहिल्या गटाचं पारडं जड झालं. पण २०१६ मध्ये बिमच्या जातीची आठही प्रथिनं काढून टाकलेल्या पेशींत फक्त पहारेकरी दूर केले, तरी पेशी मेल्याच. थेट धक्क्याने काम लवकर होत असेल, दोन्ही वाटा असतील असंच आता बहुतेक जण मानतात. तरी मुख्य कुलूप पहाऱ्याचंच, असं मला या प्रयोगावरून ठामपणे वाटतं.

औषधंही पहाऱ्यावरच बेतलेली आहेत. आधीच्या एका औषधाने बीसीएल-२बरोबर बीसीएल-एक्सएल या दुसऱ्या पहारेकऱ्यालाही अडवलं. प्लेटलेट त्याच्याच जोरावर जगतात, त्यामुळे रुग्णांचे प्लेटलेट घसरले. फक्त बीसीएल-२ला गाठणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्सला २०१६ मध्ये अमेरिकेत क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांसाठी परवानगी मिळाली. या आजारात ते रोज २० मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि दर आठवड्याला वाढवत पाचव्या आठवड्यात ४००वर नेतात. एकदम पूर्ण मात्रा दिली तर इतक्या पेशी एकाच वेळी मरू शकतात, की त्यांतून सुटलेलं पोटॅशियम आणि युरिक ॲसिड मूत्रपिंडांना झेपत नाही.