डायनॅमो की अल्टरनेटर? जुन्या गार्डन ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज होत नसेल तर आधी हे बघा

जुन्या गार्डन ट्रॅक्टरची बॅटरी सारखी उतरायला लागली की बरेच जण डायरेक्ट रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा डबा) बदलतात, नाहीतर कुठलातरी व्हिडिओ बघून वायरी एकमेकींना टेकवायला लागतात. जरा थांबा. या मशीनमधे चार्जिंगच्या दोन वेगळ्या सिस्टिम येतात, दोन्ही १२ व्होल्टच्या, दोन्हीत रेग्युलेटर नावाचा डबा, आणि एकीची टेस्ट दुसरीवर केली तर चांगला पार्ट उडू शकतो.

ओळखायला सोपं आहे. इंजिनच्या बाजूला पट्ट्यावर फिरणारा गोल लांबट डबा असेल आणि वेगळा स्टार्टर कुठेच दिसत नसेल, तर तो स्टार्टर-जनरेटर, म्हणजे सेल्फ आणि डायनॅमो एकातच. १९६३ ला आलेला जॉन डिअर ११०, सुरुवातीचे कब कॅडेट यांच्यावर हाच असायचा, बहुतेक वेळा डेल्को-रेमी कंपनीचा. पट्ट्याचा डबा नाही, स्टार्टर फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकतो आणि कुठेतरी थंड राहण्यासाठी उभे पातळ कंगोरे असलेली छोटी अ‍ॅल्युमिनियमची पेटी आहे, तर तो फ्लायव्हीलखालचा अल्टरनेटर. फ्लायव्हीलला मॅग्नेट, आत स्टेटर, म्हणजे न फिरणारी कॉईल, आणि ती पेटी एसीचं डीसी करते आणि व्होल्टेजही आवरते.

डायनॅमोवाल्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे “सेल्फ मस्त मारतोय, म्हणजे डायनॅमो ओके”. तसं नसतं. आत चुंबकत्व तयार करणारी दोन फील्ड वायंडिंग (तारेची वेटोळी) असतात, जाड तारेचं सेल्फसाठी आणि बारीक तारेचं चार्जिंगसाठी, आणि बारीक तुटलं तरी इंजिन झकास फिरतं, फक्त बॅटरीला काही मिळत नाही. इथे डेल्को-रेमीची एक टेस्ट भारी आहे. आधी पट्टा ढिला नाही ना बघा, मग इंजिन मध्यम रेसवर ठेवून रेग्युलेटरच्या एफ (फील्ड) टर्मिनलवरची वायर काढा आणि काही सेकंदच बॉडीला टेकवा, व्होल्टमीटर बॅटरीवर लावलेला असू द्या. व्होल्टेज चढलं तर डायनॅमो चांगला, दोष रेग्युलेटरात किंवा त्याच्या अर्थिंगमधे. नाही चढलं तर कार्बन ब्रश, ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर, नाहीतर ते बारीक वायंडिंग. जास्त वेळ टेकवून ठेवू नका, कारण तेवढा वेळ आउटपुटला लगाम नसतो. जुन्या रेग्युलेटरात कटआऊटचे (बॅटरी आणि डायनॅमो जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट काळे पडतात, ते बारीक कानशीने साफ करा, एमरी पेपर नको, त्याचे कण पॉइंटात रुतून बसतात. नवीन रेग्युलेटर लावला की इंजिन चालू करायच्या आधी बॅटरी आणि जनरेटर टर्मिनल क्षणभर वायरने जोडून पोलराइज करायचं असतं, म्हणजे डायनॅमोचे प्लस-मायनस बॅटरीशी जुळवायचे असतात.

हेच पोलराइझिंग अल्टरनेटरवर करू नका, फ्लायव्हीलवर कायमचे मॅग्नेट असताना त्याची गरजच नाही आणि पेटीतला रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) जायची शक्यता दाट. एफ टर्मिनलही इथे नसतं, वायर बॉडीला टेकवायची भानगडच नाही. कोहलर इंजिनच्या १५ अँपच्या सिस्टिमवर स्टेटरच्या दोन्ही वायरी पेटीतून काढा, इंजिन ३६०० आरपीएमला न्या आणि मीटर एसीवर ठेवून त्या दोघींमधे मोजा. २८ व्होल्ट किंवा जास्त आले तर स्टेटर ठीक, कमी आले तर दोष स्टेटरकडे. इंजिन बंद करून कुठल्याही एका वायरपासून बॉडीपर्यंत कंटिन्युइटी (मीटरवर जोडणी) मिळाली तरी स्टेटर गेला. स्टेटर चांगला असेल तर वायरी परत लावा, बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.७ डीसी मिळायला हवेत.

आणि पेटी बदलायच्या आधी तिचे स्क्रू खोलून खालचा गंज आणि रंग खरवडा, कारण तिचं अर्थिंग तिच्या बॉडीतूनच होतं, नुसत्या गंजामुळे चांगल्या पेट्या फेकल्या जातात. बॅटरी उलटी लावली किंवा बॅटरी काढून इंजिन चालवलं तर मात्र ती खरंच जाऊ शकते.

बॅटरीचंही बघून घ्या, फुल चार्ज होऊन काही तास निवांत पडलेली १२.६ च्या आसपास दाखवत नसेल तर वरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. डायनॅमोवाल्यांनी मंद आयडलला अ‍ॅममीटर (डॅशवरचा करंटचा काटा) मायनसमधे गेला म्हणून घाबरायचं कारण नाही, तेवढ्या स्पीडला डायनॅमो चार्ज करतच नाही, रेस दिल्यावर काटा प्लसमधे येतो की नाही तेवढं बघा.