खालच्या ओळीला जागा कशी मिळाली

आवर्तसारणीच्या तळाशी दोन ओळी वेगळ्या काढलेल्या असतात: वर लँथेनॉइड, खाली अॅक्टिनॉइड. बारावीला आपण त्यांच्यातले फरक पाठ करतो. पण खालच्या ओळीला ही जागा मिळाली ती १९४४-४५ च्या सुमारास. तोवर थोरियम हाफ्नियमच्या खाली आणि युरेनियम टंगस्टनच्या खाली मांडलेलं असे.

त्यात कुणाचा अडाणीपणा नव्हता. थोरियमची +४ आणि युरेनियमची +६ ही ऑक्सिडीकरण अवस्था (बंध करताना अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले, त्याचा हिशोब) त्या गटांशी खरोखरच जुळते. लँथेनॉइडांचे ४एफ इलेक्ट्रॉन, म्हणजे चौथ्या कवचातल्या एफ कक्षिकांमधले, खोल आत दडलेले असतात, त्यामुळे बहुतेकांची गाडी +३ वरच थांबते. ती एकमेकांसारखी इतकी, की रसायनशास्त्रज्ञ मोसांडर यांनी १८४१ मध्ये एकच समजलेलं 'डिडिमियम' १८८५ मध्ये फोन वेल्सबाख यांनी वेगळं केलं, तेव्हा त्यातून हिरव्या क्षारांचं प्रासिओडिमियम आणि गुलाबी क्षारांचं निओडिमियम निघालं. अॅक्टिनॉइडांतल्या सुरुवातीच्या मूलद्रव्यांचे ५एफ इलेक्ट्रॉन मात्र बंधांत भाग घेतात. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात अणुभट्टीतल्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढतात ते याच फरकाच्या बळावर: +४ प्लुटोनियम आणि +६ युरेनियम ट्रायब्युटिल फॉस्फेट या सेंद्रिय द्रावकात जातात, +३ लँथेनॉइड आम्लातच राहतात.

जुन्या मांडणीला पहिला तडा १९४० मध्ये गेला. बर्कलीत मॅकमिलन आणि एबेलसन यांना सापडलेलं नेपच्युनियम ऱ्हेनियमसारखं वागायला हवं होतं. ते वागलं युरेनियमसारखं. पुढे शिकागोत रसायनशास्त्रज्ञ ग्लेन सीबोर्ग यांचा गट ९५ आणि ९६ क्रमांकांच्या मूलद्रव्यांच्या मागे लागला. प्लुटोनियमप्रमाणे तीही वरच्या ऑक्सिडीकरण अवस्थेत जातील, या भरवशावर वेगळी करायचा प्रयत्न चालला होता आणि हाती काही लागत नव्हतं. १९४४ मध्ये सीबोर्ग यांनी ठरवलं, की ही लँथेनॉइडांसारखी एक नवी मालिका आहे आणि ही दोघं +३ वरच राहणार. हे छापलंत तर नाव घालवून बसाल, असं सहकाऱ्यांनी बजावलं होतं. पण शोधाची पद्धत बदलली आणि क्युरियम व अमेरिशियम सापडली. मला या सगळ्यात हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

नावंही वरची ओळ पाहूनच ठेवली. युरोपियमखाली अमेरिशियम, गॅडोलिनियमखाली क्युरियम.

कल्पनेची खरी कसोटी १९५० मध्ये लागली. कॅलिफोर्नियमचे जेमतेम ५,००० अणू तयार झाले होते. आयन-विनिमय स्तंभातून (आयन धरून ठेवून एकामागून एक सोडणाऱ्या राळेच्या नळीतून) ते कुठल्या थेंबांबरोबर उतरतील, याचा अंदाज लँथेनॉइडांच्या उतरण्याच्या क्रमावरून आधीच बांधला होता. त्याच थेंबांत ते मिळाले.